बिनमिठाचा दादा

डॉक्टर फक्त एवढंच म्हणाले होते, "हलकं, सकस खाऊ द्या. मीठ जरा बेतानं. बाकी काळजी नको."

चांगला माणूस. घाईत होता. पण सत्तावीस वर्षं जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीमागे बसलेल्या माणसापुढे 'जरा' आणि 'बेतानं' असले शब्द वापरू नयेत, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. आमच्या खात्यात माणूस जरा जन्मत नाही आणि बेतानं मरत नाही. मी खिशातली वही काढली आणि लिहिलं: मीठ – बंद.

रुग्ण म्हणजे माझा थोरला भाऊ, दादा. वय बासष्ट, तरणतलावावर पोहण्याचा मास्तर. आवाज असा की पाण्याखाली बुडी मारलेल्यालाही शिवी स्पष्ट ऐकू जावी. चाळीस वर्षं ओल्या फरशीवर अनवाणी फिरून जो कधी घसरला नाही, तो स्वतःच्या घरात, कोरड्या फरशीवर, पंखा पुसायला स्टुलावर चढला आणि डोक्यावर आपटला. मेंदूत थोडा रक्तस्राव झाला, ऑपरेशन टळलं, अठरा दिवसांनी घरी सोडलं. एकटा राहतो, म्हणून आमच्याकडे आणला. तलावाच्या व्यवस्थापकांनी पत्र दिलं होतं: सहा महिने जागा राखून ठेवतो, त्याआधी तंदुरुस्तीचा दाखला आणा, नाहीतर आम्हाला दुसरा मास्तर बघावा लागेल. सहा महिने म्हणजे पुष्कळ झाले, असं आम्हाला वाटलं. तेव्हा वाटलं.

माझी बायको शाळेत गणित शिकवते. ती म्हणाली, "आपण जेवतो तेच साधं जेवण देऊ या की भावजींना. तेल-मीठ थोडं कमी."

"थोडं म्हणजे किती?" मी विचारलं.

"थोडं म्हणजे थोडं."

गणिताच्या बाईंनी असं बोलावं, याचं मला वाईट वाटलं. त्याच दुपारी मी आठ रकान्यांचा तक्ता आखला आणि फ्रिजच्या दारावर चिकटवला. वेळ, पदार्थ, वजन, पाणी, झोप, मूड, शेरा आणि सही. सही माझी.

आता शेजाऱ्यांविषयी. शेजारी दोन प्रकारचे असतात, असं म्हणतात. माझ्या अनुभवात एकच प्रकार असतो, तो जिन्यात भेटतो. वरच्या मजल्यावरच्या काकांना तीन वर्षांपूर्वी पक्षाघाताचा सौम्य झटका आला होता आणि त्यातून ते इतके छान बरे झाले होते की तो झटका म्हणजे एखादी पदवी असावी, तसा त्याचा उल्लेख करत. "मी स्वतः झटकेवाला आहे," ते पायरीवर मला अडवून म्हणाले. "अक्रोड द्या. दिसायला मेंदू, लागायलाही मेंदूला."

बायको मागून येत होती. ती म्हणाली, "मग काका, काजू दिसतो मूत्रपिंडासारखा. तो तिकडे लागतो का?"

काका गंभीर झाले. म्हणाले, "विचारून सांगतो."

समोरच्या वहिनींचा विश्वास पाण्यावर. डोक्याला मार लागला की आत विष साठतं आणि ते धुऊन काढावं लागतं, असं त्यांनी फोनवर वाचलं होतं. दिवसाला चार लिटर. त्यांनी दोन मोठ्या बाटल्याही आणून दिल्या, खुणा करून. तळमजल्यावर व्यायामशाळा चालवणारा तरुण म्हणाला, अंड्यातलं पिवळं फेका आणि सोळा तास पोट रिकामं ठेवा, म्हणजे मेंदू स्वतःच स्वतःला दुरुस्त करतो. मी विचारलं, हे कोणावर करून पाहिलंय? तो म्हणाला, "माझ्यावरच." त्याच्याकडे बघून मला थोडी शंका आली होती, पण दंड भारदस्त होते आणि आपण माणसाच्या दंडांना उगाचच मान देतो.

आमच्या तक्त्यात यथावकाश सगळ्यांना सामावून घेतलं. सकाळी आठ अक्रोड, दुपारी बिनमिठाचा उकडलेला पालक, बिनमिठाचा मासा, अंड्याचं पांढरं, चारनंतर काही नाही. पाणी मात्र अखंड. तक्त्याला दुरुस्त्या झाल्या, दुरुस्त्यांना क्रमांक पडले. क्रमांक सातची दुरुस्ती क्रमांक तीनच्या विरुद्ध होती, म्हणून आठवी काढावी लागली.

आणि दादा हे सगळं मुकाट्यानं खात होता. खरं तर मला इथेच शंका यायला हवी होती. सूप गार आलं म्हणून एकदा हॉटेलच्या थेट स्वयंपाकघरात शिरून आचाऱ्याला फैलावर घेणारा हा माणूस, बिनमिठाचा पालक समोर ठेवला की "हं" म्हणायचा आणि गिळायचा. ऐन उन्हाळ्यात अंगावर घोंगडी घेऊन खिडकीशी बसायचा. ज्यानं आयुष्यभर थंडीच्या दिवसांत पहाटे पाण्यात उडी मारली, तो माझा भाऊ, मी पंखा लावला की म्हणायचा, "बारक्या, बंद कर रे." मी चोपन्न वर्षांचा आहे, पण त्याच्या तोंडी मी बारक्याच. दिवसातले पंधरा-सोळा तास तो झोपायचा. मी शेऱ्याच्या रकान्यात लिहायचो: मेंदूची दुरुस्ती उत्तम चालू.

अडीच महिन्यांनी एका मंगळवारी चादर बदलताना उशीखाली खाऱ्या शेंगदाण्यांच्या तीन पुड्या सापडल्या.

मी रीतसर चौकशी केली. दादा म्हणाला, "माझ्या नाहीत." स्वतःच्या उशीखालच्या पुड्यांबद्दल हे विधान फार टिकणारं नव्हतं. पुरवठा कुठून होतो याचा तपास लावता लावता मी स्वयंपाकघरात पोहोचलो तेव्हा बायको भांडी घासत होती. तिनं मान वर न करता सांगितलं, "मी देते. माणसाला तोंडाला काही चव नको?"

"घरातच फितुरी!" मी म्हणालो.

"हो," ती म्हणाली आणि पातेलं घासत राहिली.

पुड्या जप्त झाल्या. त्यांचं पुढे काय झालं, याची नोंद तक्त्यात नाही. मी खाल्ल्या.

शुक्रवारी सकाळी दादा न्हाणीघरातून बाहेर आला, फ्रिजसमोर उभा राहिला आणि अगदी प्रेमानं म्हणाला, "अरे, दार उघड. मुलं कधीची बाहेर उभी आहेत." मला वाटलं, विनोद करतोय. इतक्या दिवसांनी विनोद! मी आनंदानं हसलो सुद्धा. तो माझ्याकडे वळला, मला ओळखलं नाही, आणि आधारासाठी तक्त्याला धरून तक्त्यासकट खाली बसला. मग आडवा झाला.

ते हसू मला अजून आठवतं. त्याबद्दल फार बोलत नाही.

रुग्णवाहिकेत मी, बायको आणि स्वतःहून चढलेले वरचे काका. तातडीच्या कक्षातल्या डॉक्टरीणबाई वयानं लहान, पण नजर अशी की आमच्या खात्यात असत्या तर एकही खोटा दाखला निघाला नसता. रक्ताचा रिपोर्ट बघून त्यांनी विचारलं, "यांचं मीठ कोणी बंद केलं?"

मी काकांकडे बघितलं. काका छताकडे बघत होते.

"आणि पाणी किती पितात?"

"चारच लिटर," मी म्हणालो.

"मीठ शून्य, पाणी चार लिटर आणि जेवण चिमणीचं." त्यांनी पेन खाली ठेवलं. "रक्तातलं सोडियम किती खाली गेलंय माहीत आहे? आकडी आली असती यांना. हे कोणी लिहून दिलं होतं?"

घडी घालून खिशात ठेवलेला तक्ता मी काढला. का काढला, देव जाणे; बहुधा सही दाखवायला. त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला. मग पुन्हा घडी घालून माझ्या हातात ठेवला. यापेक्षा त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी बाहेर बाकावर जाऊन बसलो. काचेतून दादा दिसत होता. सलाइनच्या नळीतून त्याच्या अंगात मीठ चाललं होतं. अडीच महिन्यांत मी निगुतीनं जे काढलं, ते ही माणसं थेंब थेंब परत भरत होती. बायको शेजारी येऊन बसली. ती काही टोचून बोलेल म्हणून मी तयारी करून बसलो होतो. ती म्हणाली, "तुम्ही कमी प्रेमानं नाही केलंत. चुकीचं केलंत, एवढंच." मग थोड्या वेळानं म्हणाली, "शेंगदाणे कसे होते?"

तिसऱ्या दिवशी दादा माणसं ओळखायला लागला, आठवड्यानं घरी आला. फ्रिजच्या दारावर आता नुसत्या चिकटपट्टीच्या खुणा होत्या. बायकोनं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. चारी ठाव साधं जेवण, अंडी पिवळ्यासकट, पाणी तहानेपुरतं. आता दादा भराभरा सुधारणार, अशी आमची सगळ्यांची खात्री. पण घोंगडी काही सुटेना. चक्कर थोडी कमी झाली, बाकी तेच. झोप तीच, "हं" तोच.

पाचवा महिना संपत आला. एका सकाळी खिडकीबाहेर बघत दादा म्हणाला, "बारक्या, व्यवस्थापकांना चिठ्ठी लिही. म्हणावं, दुसरा मास्तर बघा."

त्याच्या आवाजात राग असता तर मी वाद घातला असता. राग नव्हताच. जणू दुसऱ्या कोणाची तरी नोकरी सुटत होती.

"लिहितो," मी म्हणालो. "आधी दाढी करून येऊ."

हे मी केवळ वेळ काढायला म्हणालो. आमच्या सरकारी माणसांना वेळ काढण्यापलीकडे फारशी विद्या येत नाही, पण ती कधी कधी उपयोगी पडते.

कोपऱ्यावरचा सलूनवाला गेली अठरा वर्षं दादाची दाढी करतो. तो बोलत नाही. त्याच्या धंद्यात हे जवळजवळ व्यंगच म्हणायचं, पण आम्ही सांभाळून घेतो. पाच महिन्यांत त्यानं एकही सल्ला दिला नव्हता. त्यानं दादाच्या गालाला साबण लावायला ब्रश उचलला, थांबला आणि बोटांची मागची बाजू गालावरून फिरवली.

"साहेब, घरी कोणी दाढी करतं का यांची?"

"नाही."

"मग शेवटची माझ्याकडेच. तीन आठवडे झाले." त्यानं दादाची हनुवटी माझ्याकडे वळवली. "पूर्वी सकाळी केली की संध्याकाळी पॉलिशपेपर व्हायचा. वस्तऱ्याची धार जायची. आता बघा, नुसती लव. हातावरचे केसही विरळ झालेत. वयानं असं इतकं भरकन होत नाही." तो जरा अडखळला. "मी शिकलेलो नाही, साहेब. पण आत काहीतरी बंद पडलंय."

मी दादाकडे बघितलं. रोज तीन वेळा त्याच्या ताटाकडे बघत होतो. चेहऱ्याकडे असं बहुधा पहिल्यांदाच.

चिठ्ठी राहिली. आम्ही दोघं तसेच रुग्णालयात त्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. सलूनवाल्याचं निदान सांगताना मला घाम फुटला होता. त्या हसतील, असं वाटलं. त्या उठल्या, दादाच्या हातावरची कातडी बघितली, उभा करून आणि झोपवून रक्तदाब घेतला, आणि म्हणाल्या, "हे मला आधीच सुचायला हवं होतं."

मग त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. शरीरातल्या बाकीच्या हॉर्मोनांना ती हुकूम सोडते. डोक्याला मार बसला की काही जणांत ती दुखावते आणि हुकूम निघायचेच बंद होतात. मग थकवा, थंडी, झोप, उदासी. मीठही अंगात धड टिकत नाही.

"म्हणजे माझ्यामुळे नाही झालं?" मी विचारलं.

"ग्रंथी तुमच्यामुळे नाही," त्या म्हणाल्या. "सोडियममध्ये तुमचा वाटा आहे."

त्यांनी तपासण्या लिहून दिल्या, आणि मी माझ्याच जातीच्या माणसासमोर, म्हणजे खिडकीतल्या कारकुनासमोर, येऊन उभा राहिलो. हॉर्मोनांच्या तपासणीचा छापील अर्ज एकच होता, तो स्त्रीरोग विभागाचा. रकाना सहा: शेवटच्या पाळीची तारीख. मी लिहिलं, 'लागू नाही'.

"असं चालत नाही," कारकून म्हणाला. "तारीख टाका किंवा 'बंद' लिहा."

"अहो, हे माझे थोरले भाऊ आहेत."

त्यानं खिडकीतून वाकून दादाकडे बघितलं. घोंगडीतल्या दादानं त्याच्याकडे बघितलं. "रकाना रिकामा ठेवता येत नाही," तो म्हणाला. "नियम आहे."

हे वाक्य मी सत्तावीस वर्षं वापरलं होतं. दुसऱ्या बाजूनं ते किती वेगळं ऐकू येतं! मी निमूटपणे 'बंद' लिहिलं. वर दुसरी अडचण निघाली. एका तपासणीचं रक्त सकाळी आठलाच काढायला हवं होतं आणि खिडकी उघडायची नऊला. दुसऱ्या दिवशी आम्ही साडेसातपासून उभे होतो. रक्त निघालं सव्वानऊला.

चार दिवसांनी रिपोर्ट आला. पहिल्या तपासणीपुढे: नमुना बाद, वेळ चुकली. दुसरीपुढे, म्हणजे पुरुषी हॉर्मोनपुढे: सामान्य.

सामान्य! मी घरी येऊन कागद टेबलावर टाकला. म्हणजे सलूनवालाही चुकला. दादानं कागदाकडे बघितलंही नाही. "लिही आता चिठ्ठी," म्हणाला. मी कागद-पेन घेऊन बसलो. 'माननीय व्यवस्थापक' एवढं लिहून झालं होतं, तेवढ्यात बायको रिपोर्ट हातात घेऊन म्हणाली, "अहो, हे बघितलंत का? लिंग: स्त्री."

"काय?"

"तुम्ही पाळी बंद लिहिलीत, कॉम्प्युटरनं भावजींची बाई केली. हा आकडा बाईला सामान्य आहे. पुरुषाला कितीतरी जास्त लागतो, खाली बारीक अक्षरात दिलंय." ती दादाकडे वळली. "बासष्ट वर्षांच्या बाईच्या मानानं तुमची तब्येत ठणठणीत आहे, भावजी."

दादाच्या ओठाचा कोपरा हलला. पाच महिन्यांत पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी पावणेआठला मी दादाला घेऊन त्या खिडकीसमोर होतो. पण आता मी तयारीनं गेलो होतो. अर्जाच्या मागच्या बाजूला जे कोणी वाचत नाही ते मी वाचतो, तो माझा पेशाच आहे. कलम अकरा: 'ठरावीक वेळेचे नमुने खिडकी बंद असल्यास तातडीच्या कक्षात घ्यावेत.' मी कलमावर बोट ठेवून तातडीच्या कक्षात शिरलो आणि माझ्या आयुष्यातल्या सर्वांत थंड आवाजात म्हणालो, "नियम आहे." आठ वाजून शून्य मिनिटांनी दादाचं रक्त निघालं. सत्तावीस वर्षांच्या नोकरीचं सार्थक झालं, असं मला वाटून गेलं.

या वेळी रिपोर्टमध्ये दादा पुरुष होता आणि प्रत्येक आकड्यापुढे खाली जाणारा बाण होता. एवढे खालावलेले बाण बघून इतका आनंद झालेला बहुधा मी एकटाच नातेवाईक असेन.

गोळ्या सुरू झाल्या, सकाळी ठरल्या वेळी. कधीही चुकवायच्या नाहीत, अशी डॉक्टरीणबाईंची ताकीद होती. आहाराचं मी भीत भीत विचारलं. त्या म्हणाल्या, "भाज्या, मासे, अंडी, पोटभर जेवण. उपाशी ठेवलेला मेंदू बरा होत नाही. अक्रोड आवडत असतील तर खा, नसतील तर सोडा."

"किती?" माझ्या तोंडून निघून गेलं.

बायकोनं माझ्या पायावर पाय दिला.

अकराव्या दिवशी दुपारी मी कचेरीतून आलो तर घोंगडी दोरीवर वाळत होती आणि स्वयंपाकघरातून गडगडाट ऐकू येत होता. "याला सूप म्हणतात? याच्यात पोरं पोहायला सोडली तरी कोणी चव बिघडली म्हणणार नाही!" मी दारातच उभा राहिलो. सूप सकाळी जाताना मी करून ठेवलं होतं. भांड्यांच्या वर आवाज चढवून तो मला नावं ठेवत होता आणि बायको ओट्याला टेकून डोळे पुसत होती. हसून की कसं, ते मी विचारलं नाही.

दाखला मिळाला तो अटींसकट. डावा पाय थोडा ओढतो, कधी कधी शब्द सापडत नाही. म्हणून सध्या फक्त उथळ भाग, बरोबर दुसरा मास्तर हवा. मुदतीला चार दिवस बाकी होते. व्यवस्थापकांनी दाखला वाचला, दादाशी हात मिळवला आणि म्हणाले, "एकदा पाण्यात उतरून दाखवा, म्हणजे झालं."

मी टॉवेल धरून काठावर उभा होतो. दादा पायऱ्यांपाशी गेला. कठड्याला धरलं. पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि तिथेच थांबला. पलीकडे शिकाऊ मुलांची रांग त्याच्याकडे बघत होती. बराच वेळ गेला. थंडी वाजतेय असं मला वाटलं, म्हणून जवळ गेलो. तो हळूच म्हणाला, "बारक्या, पाणी पूर्वी असं खोल नव्हतं रे."

"कमरेएवढं आहे दादा. वर आकडा लिहिलाय."

"तू ये."

"मला पोहता येत नाही."

"माहीत आहे. माझ्याकडूनच शिकवायचं राहिलं. ये."

तलावाच्या कपाटातून मला एक चड्डी देण्यात आली. ती कोणाची होती आणि त्या माणसाचा घेर केवढा होता, हे मी सांगणार नाही. दोन्ही हातांपैकी एक हात सतत तिच्या सेवेत होता. दुसरा हात दादाच्या हातात. मुलं आता उघड हसत होती. चोपन्नाव्या वर्षी, जन्म-मृत्यू नोंदणीचा वरिष्ठ कारकून, एका हातात चड्डी आणि एका हातात थोरला भाऊ घेऊन पाण्यात उतरत होता. पाणी बर्फासारखं होतं.

दादाचा हात सुटू नये म्हणून मी घट्ट धरला. "पाय टेकलेत ना?" मी विचारलं.

"टेकलेत."

मग तो हळूहळू मागे रेलला. पाणी त्याच्या मानेशी आलं, कानांवर आलं. डोळे मिटलेले. त्याची बोटं माझ्या हातातून एकेक करून सुटली आणि तो तरंगला. हात पसरून, उताणा, नुसता. छातीचा भाता वर-खाली होत होता. मी चड्डी धरून उभा होतो. कोणी कोणाला शिकवायला आलं होतं, ते विसरून.

किती वेळ गेला कोण जाणे. मग दादानं एक डोळा उघडला.

"बारक्या!" तलावाच्या छताला आवाज आदळून परत आला. "खांबासारखा उभा काय राहिलास? चड्डी सोड आणि पाय हलव!"

चड्डी मी सोडली नाही. पाय हलवले.